मालक समोर हवा

६ एप्रिल

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. ते नेहमीचेच आहेत, फक्त या खेपेला रागात घोळवून पाठवते आहे.

काल फोनवर तू रडलीस, मी ओरडले, आणि मधल्यामध्ये जावईबापूंनी फोन घेऊन इकडे उकडतं का अशी चौकशी केली. हे आपल्या घराला शोभलं नाही. तुझ्या बाबांनी लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात नियम घालून दिला होता, की या घरात भांडायचं ते कागदावर. तोंडी भांडणातल्या चुका तपासता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासलेला माणूस, दुसरं काय म्हणणार! मी स्वयंपाकघरातून चिठ्ठी पाठवायची, ती ते बाहेरच्या खोलीत वाचायचे आणि लाल शाईनं शुद्धलेखन सुधारून परत पाठवायचे. निम्मा राग लिहिताना जायचा आणि दुरुस्त्या बघून तेवढाच परत यायचा. पण शेजाऱ्यांना कधी आवाज गेला नाही. तेव्हा फोन ताप किती आणि खोकला आहे का हे विचारायला ठेवू, आणि भांडू ते पत्रातून.

मुद्दा असा, की मी तुझ्याकडे राहायला येणार नाही आणि कुलूप-किल्ल्यांचं दुकानही बंद करणार नाही.

दुसऱ्यांदा सगळं बंद झाल्यापासून इमारतीत पुन्हा फलक लागला आहे. पासष्टच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये, असं अध्यक्षांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. स्वतः सत्तरीला टेकलेले अध्यक्ष तो फलक लावायला तीन जिने उतरून खाली आले होते. मी त्यांना हे दाखवून दिलं तेव्हा तोंडावरची पट्टी सारखी करत निघून गेले.

मी काही अंगावर आजार ओढवून घेत नाही. दुकानाच्या दारात टेबल आडवं टाकलंय. गिऱ्हाईक पलीकडे, मी अलीकडे. किल्ली हातात घेत नाही, साबणाच्या पाण्याच्या वाडग्यात टाकायला लावते. तोंड बांधलेलं असतं. सुई टोचून घेतली आहे. यापेक्षा जास्त काळजी घ्यायची तर जन्मालाच यायला नको होतं.

आणि लोकांनी काय करायचं? परवा समोरच्या इमारतीतली नर्सबाई दोन पाळ्या सलग करून आली, तर तिची किल्ली इस्पितळातल्या कपड्यांबरोबर धुवायला गेलेली. बिचारी पायरीवर भिंतीला डोकं टेकून बसली होती. चालू राहणाऱ्या सेवांच्या यादीत दूध आहे, औषध आहे, कुलूप नाही. यादी करणाऱ्यांच्या घराला दारं नसावीत. मी तिचं दार उघडून दिलं. तिनं पट्टीच्या वरनं डोळ्यांनीच जो नमस्कार केला तो तुला दिसायला हवा होता.

तू म्हणतेस, घरात बस म्हणजे सुरक्षित राहशील. गेल्या वर्षी तुझे बाबा कुठे बाहेर गेले होते गं? उंबरा ओलांडला नव्हता त्यांनी. आजार घरात चालत आला. त्यांना न्यायला गाडी आली तेव्हा मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घराची किल्ली टाकली. परत आलेल्या पिशवीत चष्मा होता, घड्याळ होतं, किल्ली नव्हती. असं सांगत एखादं गिऱ्हाईक आलं तर मी त्याला पहिलं कुलूप बदलायला लावते. माझं मी अजून बदललेलं नाही. ते का, हे मला विचारू नकोस.

छोटीला माझा पापा. ती पडद्यासमोर बसून शाळा करते हे ऐकून हसू आलं.

कळावे. लोभ आहे तिथेच राहू दे, आणि मलाही आहे तिथेच राहू दे.

तुझी,
आई


११ एप्रिल

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. रागात घोळवलेले आशीर्वाद पोचले. बाबा असते तर तुझ्या पत्रात निदान दहा ठिकाणी लाल शाई उमटली असती, मी एकाही ठिकाणी उमटवत नाही, एवढ्यावरून माझा स्वभाव कोणावर गेला ते बघ.

तुझ्यासाठी मागची खोली रिकामी केली आहे. छोटीनं तिचं टेबल बाहेर काढलं, खिडकीशी तुझी खुर्ची येईल अशी जागा मोजून ठेवली. मी दिवसभर कागदावर लोकांच्या घरांचे नकाशे काढते, कुठे दार, कुठे खिडकी. पण या एका खोलीचा नकाशा मी मनात किती वेळा काढला असेल सांगता येत नाही. आणि तू म्हणतेस येणार नाही. कारण काय, तर नर्सबाई पायरीवर बसली होती.

आई, वाडग्यात साबण घातलास म्हणून हवा धुतली जात नाही. तुझं दुकान किती मोठं आहे मला माहीत नाही का? एक माणूस उभा राहिला की दुसऱ्यानं श्वास आत ओढून घ्यायचा, एवढं. आमच्या कचेरीतला एक सहकारी गेला. तो चाळिशीचाही नव्हता आणि रोज पळायला जायचा. तू एकाहत्तरची आहेस, दोन जिने चढलीस की कठड्याला धरून उभी राहतेस आणि वर मला सांगतेस की मी उगाच घाबरते.

तू आजोबांच्या हाताखाली हे काम शिकलीस, मला त्याचा अभिमान आहे. शाळेत सगळ्यांच्या आया घरी असायच्या, माझी आई दारं उघडायला जायची, हे मी मिरवायची. पण आता ते पुरे झालं. हट्ट सोड, ही पायांवर डोकं ठेवून विनंती.

गेल्या खेपेला आले होते तेव्हा मी अध्यक्षकाकांशी बोलून ठेवलं आहे. तू समजुतीनं ऐकलं नाहीस तर आम्हाला दुसरा उपाय करावा लागेल. आधी सांगितलं नाही असं नंतर म्हणू नकोस.

लोभाला माझ्या बाजूनं तूट नाही. तुझ्या बाजूनं थोडी अक्कल असावी.

तुझी,
ठमी


१६ एप्रिल

चि. ठमीस,

आशीर्वाद या वेळी कुलपात ठेवले आहेत. कुलपाचा मालक आला की मिळतील.

परवा सकाळी खाली गेले तर दुकानाच्या दाराला माझ्या कुलपाशेजारी त्याच कोयंड्यात दुसरं कुलूप. अध्यक्ष जिन्यातच उभे होते. म्हणाले, समितीचा निर्णय आहे. मी चष्मा चढवला आणि वाकून बघितलं. पितळी कुलूप, अंगानं गोल, पोटावर कानशीच्या टोकानं कोरलेला ठ. तू पहिल्यांदा घर सोडून शिकायला गेलीस तेव्हा तुझ्या ट्रंकेसाठी मी ते घडवलं होतं. त्याचा एकेक दात मी हातानं घासला आहे. समितीचा निर्णय म्हणे! अध्यक्षांच्या तोंडाकडे बघितलं तर पट्टीच्या वरचा भाग लालेलाल. मग कबूल केलं त्यांनी, की तू जाताना कुलूप देऊन गेलीस आणि किल्ली बरोबर घेऊन गेलीस. म्हणजे या गावात त्याची किल्लीच नाही. शाबास. कुलूपवालीची मुलगी शोभतेस.

आता तू म्हणशील, आईला ते उघडायला असा किती वेळ लागणार! लागणार नाहीच. पण तुझ्या आजोबांनी हातात कानस दिली त्याच दिवशी सांगितलं होतं, की मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. मग ते आत रडणाऱ्या पोराचं असो की राजाच्या खजिन्याचं. पन्नास वर्षं मी हे पाळलं आहे. म्हणूनच तर हा रस्ता माझ्यावर विश्वास टाकतो. हे कुलूप तुझं आहे आणि तू समोर नाहीस. तेव्हा मी हात लावणार नाही. हे तुला पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच तू समितीचं न लावता स्वतःचं लावायला दिलंस. माझ्याच नियमानं मला बांधलंस. मला राग आला, खूप आला, आणि त्यातल्या त्यात कौतुकही वाटलं, ते मी इथे लिहायला नको होतं.

दुसरीही एक वाट आहे, ती तुलाही ठाऊक आहे. त्या दाराचा कोयंडा तुझ्या बाबांनी बसवलेला. निवृत्त झाल्यावर त्यांना हौस आली, बायकोच्या दुकानाला हातभार लावायचा. कोयंड्याचे स्क्रू नेहमी असे बसवायचे, की कडी टाकली की ते तिच्याखाली झाकले जावेत. यांनी बसवले ते उघड्यावर, रस्त्याकडे तोंड करून. कोणीही यावं, चार स्क्रू फिरवावेत, कुलूप लावलेलंच ठेवून आत जावं. कुलूपवालीच्या दुकानाला सगळ्या रस्त्यावरचा सगळ्यात भुसभुशीत कोयंडा! पण काम झाल्यावर घाम पुसत ते असे उभे राहिले होते, की मला बोलवेना. मी छान झालंय म्हटलं. तो तसाच राहिला.

तेव्हा कोयंडा माझा, दार माझं, मी तो काढू शकते. पण तुझ्या हट्टापायी मी त्यांच्या हातचं काम उखडणार नाही. तू काय, मी काय, दोघीही त्याच्याहून मोठ्या नाही.

पण यानं दुकान बंद पडलं असं समजू नकोस. घरातल्या जुन्या पेटीत दोन कानशी आहेत, पक्कड आहे, थोड्या कोऱ्या किल्ल्या आहेत. मी दुकानाच्या बंद दारासमोर स्टूल टाकून बसते. यंत्र आत अडकलंय, म्हणून किल्ली हातानं घासते. वेळ जास्त लागतो, लोक थांबतात. उघड्यावर बसल्यामुळे तुझी हवेची तक्रारही मिटली. दाराला पाठ टेकून बसते, ते तुझं कुलूप बरोबर मणक्यात टोचतं.

लोभ ठेवावा. किल्ली तू ठेवलीच आहेस.

तुझी,
आई


२१ एप्रिल

ती. आईस,

नमस्कार. वाकून केलेला आहे, पण मान खाली घातलेली नाही.

हो, माझंच कुलूप. मीच दिलं, किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि तिथेच राहणार आहे. तू स्टूल टाकून रस्त्यात बसशील हे मात्र डोक्यात आलं नाही. यावर छोटी एवढी हसली, की मला दरवाजा लावून घ्यावा लागला. तिला तुझा फोटो हवा आहे. मला नको आहे.

तू बाबांच्या पिशवीबद्दल लिहिलंस. ती पिशवी तुला पोचली आई, घेतली मी. तुला स्वतःला ताप होता, म्हणून इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी मी उभी होते. एकानं लांबून नाव पुकारलं आणि पिशवी जमिनीवर ठेवून मागे सरकला. मी पुढे जाऊन उचलली. ती किती हलकी होती हे मी तुला कधी सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर मी त्यांचा चष्मा पुसला. का पुसला माहीत नाही. तुला मी रडकी वाटते, पण तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हाच ठरवलं होतं, की पुन्हा असल्या फाटकाशी उभं राहायचं नाही. मला दुसरी पिशवी घ्यायची नाही. तुझी तर नाहीच नाही. त्यासाठी तू जन्मभर माझ्याशी अबोला धरलास तरी चालेल. जिवंत राहून धर.

तू हे हसण्यावारी नेशील म्हणून स्पष्ट लिहिलं.

नर्सबाईला, दूधवाल्याला, सगळ्या रस्त्याला माझा राग कळव. लोभ तुझा तुझ्यापाशी, माझा तर तू गृहीतच धरला आहेस.

तुझी,
ठमी


३ मे

सौ. ताई यांस,

स. न. वि. वि. मी आपल्या मातोश्रींच्या इमारतीचा अध्यक्ष. काल फोनवर मी सुरुवात केली आणि तुम्ही रडू लागलात, त्यामुळे मलाही पुढे सांगता येईना. म्हणून सविस्तर लिहितो. मी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेलो आहे, त्यामुळे कमीजास्त लिहिणार नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर चित्रकलेचे मास्तर एकटे राहतात. चार दिवसांपूर्वी दुपारी त्यांच्या दारातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. हाका मारल्या, उत्तर नाही. दार आतून लॅचनं बंद. अग्निशामक दलाला फोन लावला, ते म्हणाले दुसरीकडे गुंतलो आहोत, वेळ लागेल. रखवालदार पहार घेऊन आला. तो दार फोडणार एवढ्यात तुमच्या मातोश्री वर आल्या आणि त्यांनी त्याचा हात धरला. खाली वाकून दाराच्या फटीतून बघितलं. मास्तर दाराला टेकूनच पडलेले होते. दार फुटलं असतं तर त्यांच्याच अंगावर गेलं असतं.

लॅच उघडायची हत्यारं दुकानात होती आणि दुकानाला ते कुलूप. ताई, ते मी स्वतःच्या हातानं दाबून बंद केलं होतं. आम्ही खाली गेलो. मी म्हणालो, आता कसला नियम, तोडा ते. त्यांनी पिशवीतून भाजी चिरायची सुरी काढली आणि कोयंड्याचे स्क्रू फिरवायला लागल्या. एक स्क्रू गंजलेला होता, निघेना. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, मी विचारलं नाही. शेवटी कोयंडा लाकडाची ढलपी घेऊन निघाला. तुमचं कुलूप मात्र जसंच्या तसं बंद आहे.

वर आल्यावर पुन्हा एक अडचण निघाली. त्यांनी हत्यार लॅचला लावलं आणि थांबल्या. मालकाला विचारलं पाहिजे म्हणाल्या. माझा तर संताप झाला. पण त्या दाराला तोंड लावून मास्तरांना सांगत राहिल्या, की मी उघडते आहे, चालत असेल तर एकदा वाजवा. बऱ्याच वेळानं आतून बोटानं ठक् झालं. मग त्यांनी उघडायला घेतलं. दोनदा चुकलं, मास्तरांच्या दाराला ओरखडे पडले. मी विजेरी धरली होती. दार कसंबसं वीतभर सरकलं, त्यातून त्याच आत शिरल्या. आमच्यापैकी त्या फटीत मावणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोणी पुढेही झालं नाही.

मास्तरांना ताप होता. त्यांना नेलं आहे, प्राणवायू लावला आहे, शुद्धीवर आहेत. आजार तोच निघाला. मातोश्री त्यांचं डोकं मांडीवर घेऊन गाडी येईपर्यंत बसून होत्या. काल संध्याकाळपासून त्यांनाही कणकण आहे. घराचं दार लावून आत राहिल्या आहेत. नर्सबाई दोन्ही वेळा येऊन बोटाला यंत्र लावून बघतात. जेवण मी दारात ठेवून दार वाजवतो.

मी चांगल्या हेतूनं कुलूप लावलं होतं. तुमचाही हेतू तोच होता. एवढंच लिहितो.

आपला स्नेह होता तसा असावा, ही विनंती.

आपला,
अध्यक्ष


८ मे

ती. आईस,

नमस्कार. हे भांडण नाही, तरी लिहिते आहे. फोनवर तू खोकलीस की मला पुढचं काही ऐकू येत नाही.

अध्यक्षकाकांचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं, की घड्यांवर फाटायला लागलंय. मी कुलूप लावलं याची मला लाज वाटत नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा लावीन. पण ते नसतं तर तुझी हत्यारं हाताशी असती आणि मास्तर तेवढा वेळ थंड फरशीवर पडून राहिले नसते, हेही खरं आहे. आणि कोयंड्याची ढलपी निघाली हे वाचून मी सगळ्यात जास्त रडले. मास्तरांचं वाचून रडले त्याहून जास्त. मी वाईट मुलगी आहे का? बाबांना घाम पुसताना मीही बघितलं होतं. मलाही तू सांगितलं होतंस, की काही बोलू नकोस.

तू त्या फटीतून आत का गेलीस? हे मी रागानं विचारत नाही. मला खरंच कळून घ्यायचं आहे.

किल्ली या पाकिटात घालत होते, मग काढून घेतली. तू ती परत पाठवशील आणि मालक समोर हवा म्हणशील. रस्ते उघडले की पहिल्या गाडीनं ती घेऊन मीच येते. तुला न्यायला की नुसती भेटायला, ते अजून ठरवलेलं नाही. खोटं कशाला बोलू?

तोवर नर्सबाई सांगेल ते ऐक. बोटाचं यंत्र काय दाखवतं ते मला रोज कळव. हट्ट करायचाच असेल तर जगायचा कर. तो तुला नक्की जमेल.

लोभ, आई. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

ठमी


२४ मे

चि. ठमीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. कुलपाबाहेर काढून, पुसून पाठवते आहे.

मेले नाही. नर्सबाईनं आठ दिवसांपूर्वी जाहीर केलं, की आता माझ्यापासून फक्त माझ्या जिभेचा धोका आहे. चव अजून आली नाही, त्यामुळे अध्यक्षांच्या घरचा स्वयंपाक मी अगदी न कुरकुरता जेवले. मास्तरही परत आले आहेत. काठी टेकत खाली आले आणि पहिलं काय बोलले असतील? त्यांच्या दाराला ओरखडे पाडले म्हणून कुरकुरले. मी म्हटलं, पुढच्या वेळी दारापासून जरा लांब पडा.

तू विचारलंस, आत का गेलीस. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी न विचारायला सांगितलेल्या गोष्टीचं द्यावं लागेल.

तुझ्या बाबांना आपल्या घराची किल्ली कधी वळवता आली नाही. दार जरा स्वतःकडे ओढून मग ती फिरवावी लागायची. सगळ्या जगाच्या चुका शोधणाऱ्या माणसाला एवढं जमलं नाही. किल्ली खिशात ठेवून ते दार वाजवायचे. दोनदा. मग मी उघडायची. त्या दिवशी ते गाडीत बसताना मी त्यांच्या खिशात किल्ली टाकली खरी, पण मला माहीत होतं, ते आले तरी वाजवणारच. आणि मी घरात नसले तर? म्हणून मी कुलूप बदललं नाही, म्हणून तुझ्याकडे एक रात्रही राहायला आले नाही. माणूस गेला की येत नाही, एवढं मला कळतं. कळतं म्हणून कान थोडेच मिटतात!

तिथे, त्या इस्पितळात, ते कोणत्या तरी दारामागे होते आणि मला आत जाऊ दिलं नाही. जन्मभर मी परक्यांची दारं उघडली आणि ते एक उघडता आलं नाही. मालक समोर नव्हता, काय करणार? मग मास्तरांनी आतून वाजवलं. आता तूच सांग, मी बाहेर उभी राहायला हवी होती का? मी घाबरले नव्हते असं नाही. पण वाजवल्यावर न उघडणारी बाई म्हणून जगायचं असेल तर मला ते सुरक्षित जगणं नको. ते तुझ्या मागच्या खोलीत नको आणि इथेही नको. यावर भांडायचं असेल तर कागद भरपूर आहे.

तापात असताना अध्यक्ष जेवण ठेवून दार वाजवायचे. मी दर वेळी उठून उभी राहायची. दर वेळी अध्यक्ष! एका भल्या माणसाला बघून मला दिवसातून दोनदा रडू यायचं, आणि ते जिन्यात उभे राहून स्वतःचं काय चुकलं ते आठवत बसायचे. अंगात बळ आल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की घराचं कुलूप बदललं. जुनं काढताना हातांनी खूप वेळ घेतला. नव्याची किल्ली अल्लाद वळते, ओढावं लागत नाही.

तुझ्या पिशवीबद्दल मी आजवर काही लिहिलं नाही, कारण लिहिता येईना. चष्मा पुसलास ते बरं केलंस. त्यांना डाग खपत नसे. आणखी एक पिशवी तुझ्या हातात यायची नाही असं वचन मी देऊ शकत नाही, कोणाची आई देऊ शकेल? पण मी दुकानात असेन, मला शोधावं लागणार नाही, एवढं देते.

आता दुकानाचं. ते सोमवारपासून उघडलं आहे. तुझं कुलूप बंदच आहे. कडीत कोयंडा, कोयंड्यात कुलूप, असं दारावर लोंबतं, दार उघडलं की तेही बरोबर फिरतं. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगते मालक बाहेरगावी आहे. तू आलीस की समोर उभी राहा आणि स्वतःच्या हातानं उघड. मग आपण दोघी मिळून कोयंडा पुन्हा बसवू. जसा होता तसाच, स्क्रू रस्त्याकडे. ढलपी मी जपून ठेवली आहे, ती सरसानं चिकटवू. चोर आला तर त्याला म्हणावं, आधी मालकाला विचार.

तू न्यायला येणार असशील तरी ये. मी चार दिवस पाहुणी म्हणून येईन, छोटीच्या टेबलाच्या जागी बसेन, तुझ्या नकाशांतली दारं चुकीच्या बाजूला उघडतात हे सांगेन आणि परत येईन. त्यापलीकडे माझ्या नावानं खोली ठेवू नकोस. पोरीला तिचं टेबल परत दे.

सोबत घराच्या नव्या कुलपाची किल्ली ठेवली आहे. अशा दोनच केल्या, एक माझी आणि ही तुझी. केव्हाही ये, विचारायला नको.

कळावे. लोभाचं आता मी सांगायला नको आणि तू विचारायला नको.

तुझी,
आई

ता. क. किल्ली असली तरी पहिल्या दिवशी ती खिशातच राहू दे. दार वाजव. दोनदा. मी घरात आहे, मी उघडेन.